नऊचा पट

प्राथमिक शिक्षकाला सगळ्यात जास्त धास्ती कशाची, असं कुणी विचारलं तर मी साहेबाचं नाव घेणार नाही, बदलीचंही नाही. मी म्हणेन, पटाची. पट म्हणजे हजेरीपुस्तकातल्या नावांची बेरीज. ३० सप्टेंबरचा पट वर कळवायचा. त्यावरून शाळेला शिक्षक किती ते ठरतं, त्याला आमच्या भाषेत संचमान्यता म्हणतात. अनुदान किती तेही त्यावरूनच. खिचडीचा तांदूळसुद्धा पटावर, मुलामागं दिवसाला शंभर ग्रॅम. आणि अलीकडं तर शाळा राहणार की जाणार, याचा निकालही ही बेरीजच लावते.

मी १९८६ साली रायगड जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागलो आणि २०२३ साली निवृत्त झालो. आधी पेण तालुक्यात, मग रोह्यात. एवढ्या वर्षांत पटाची दोन्ही रूपं बघितली. पोरं बसायला जागा नाही असाही वर्ग घेतला, आणि चार इयत्ता मिळून नऊ पोरं असाही.

पहिली शाळा पेणच्या खारेपाटात. सगळी आगरी वस्ती, चारी बाजूंनी भातशेती आणि खाडीचं पाणी अडवणारे बांध. उधाणाला बांध फुटला की अख्खा गाव पाट्या-फावडी घेऊन बांधावर धावायचा आणि मोठी पोरं शाळा सोडून मागोमाग पळायची. पट शंभराच्या आसपास, मास्तर तिघं, खोल्या दोन. तिसरा वर्ग देवळात. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या, कुलाबा जिल्ह्याचा रायगड १९८१ साली झाला, पण तिथले म्हातारे मी रुजू झालो तेव्हाही ‘कुलाबा’ आणि ‘बोर्डाची शाला’ असंच म्हणत. एकदा मी गळकी कौलं बदलायची म्हणून पंचायत समितीला अर्ज लिहीत बसलो होतो. एक आजोबा डोकावले नि म्हणाले, “गुरजी, अर्ज कशाला? ही शाला आमी बांधलीय. सरकारनी फकस्त मास्तर दिला.” रविवारी दहा माणसं चढली आणि कौलं शिवून मोकळी झाली. शाळा गावाची आणि मास्तर सरकारचा, हा हिशोब तेव्हा सगळ्यांना माहीत होता.

२००९ साली माझी बदली रोहा तालुक्यात झाली. कुंडलिकेचं खोरं सोडून डोंगराच्या अंगाला लागलं की कातकऱ्यांच्या नि ठाकरांच्या वाड्या लागतात. त्यांतल्या एका कातकरीवाडीत मी हजर झालो. ती शाळा २००१ साली वस्तीशाळा म्हणून सुरू झाली होती. ज्या वस्तीच्या एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तिथं सरकारनं त्या काळात अशा शाळा काढल्या. जवळपासचाच शिकलेला पोरगा निमशिक्षक म्हणून नेमायचा, महिन्याला हजार रुपये मानधन. आमच्या वाडीत तो पोरगा आठ वर्षं समाजमंदिरात शाळा चालवत होता. मग वस्तीशाळांच्या नियमित शाळा झाल्या, आम्हांला दोन खोल्या मिळाल्या, वर सिमेंटचे पत्रे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, असं त्यात लिहिलेलं. आम्हांला वाटलं, आता या वाडीची चिंता मिटली.

तेव्हा पट होता सत्तावीस. २०१७ साली नऊ.

सत्तावीसचे नऊ कसे झाले ते मी बोटावर मोजून सांगू शकतो. वाडीच्या खाली शेतकऱ्यांची एक आळी होती, तिथली आठ पोरं आमच्याकडं यायची. आळीपर्यंत डांबरी रस्ता झाला, धाटावच्या कंपन्यांत दोघाचौघांना कंत्राटी काम लागलं, आणि एका जूनमध्ये इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन दारात आली. दोन वर्षांत आठही पोरं व्हॅनमध्ये बसली. त्यांच्या आईबापांना मी नावं ठेवत नाही. खिशात फी असेल तर पोराला चार इयत्तांच्या एका खोलीत कोण ठेवील? सहा पोरं वाडीतल्याच कुटुंबांची, ती भट्टीवर गेली ती पनवेलच्या पलीकडं कायमची राहिली. आणि वाडीत पोरं जन्मायचीच थोडी कमी झाली, त्यातले चार धरा. आठ, सहा नि चार, अठरा.

उरलेली नऊ कोणाची? ज्यांना व्हॅन परवडणार नव्हती त्यांची. ज्यांचे आईबाप दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला वीटभट्टीवर जात त्यांची. ज्यांच्या घरात कुणी पाटी हातात धरली नव्हती त्यांची. वरून बघणाऱ्याला पट खाली आलेला दिसतो. मला मात्र दिसत होतं की ज्यांना जाता येत होतं ती गेली, आणि ज्यांना दुसरं काहीच नव्हतं तेवढीच राहिली. शाळा लहान झाली, पण तिची गरज ज्यांना सगळ्यात जास्त, ती सगळीच्या सगळी तिच्यातच होती.

पैशाचं गणितही सांगतो. सर्व शिक्षा अभियानात शाळा अनुदान वर्षाला ५,००० रुपये आणि देखभाल-दुरुस्तीचे ५,०००. पुढं २०१८ साली समग्र शिक्षा आली, सगळी अनुदानं एकत्र करून पटाच्या टप्प्यांवर बांधली गेली. आज तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपयांची तरतूद आहे आणि त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे आकडा होता तिथंच. त्यात खडू, रजिस्टरं, विजेचं बिल, मोरीचा पाइप, रंग, दुरुस्ती. नऊ पोरांची शाळा असली म्हणून पत्रा नऊ पोरांपुरताच गळतो असं नाही. पाऊस तीनशे पटाच्या शाळेवर पडतो तेवढाच आमच्यावर पडायचा, आणि आमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे नेहमीचीच गोष्ट. पट कमी म्हणून पैसा कमी, पैसा कमी म्हणून शाळा भिकार दिसते, भिकार दिसते म्हणून ज्याला जमेल तो पोर काढून नेतो, की पट आणखी कमी. हे रहाट मी आठ वर्षं फिरताना बघितलं.

आता दुसरी बाजू न सांगणं खोटेपणा होईल. नऊ पोरांच्या शाळेत शिकवणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एक आठवडा येऊन बसावं. एकाच फळ्याचे चार भाग करायचे. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून चौथीचा भागाकार घ्यायचा, तोवर दुसरीतला गडी खिडकीतून पसार. जोडीदार शिक्षक कागदावर असायचा, पण बहुतेक वेळा दुसऱ्या शाळेवर कामगिरीला. मी बैठकीला, मतदारयाद्यांच्या कामाला, प्रशिक्षणाला गेलो की शाळेला कुलूप. तिसरीत एकच मुलगी होती. तिच्याबरोबर पाढे म्हणायला कुणी नाही, तिच्याशी भांडायला कुणी नाही. वर्गात पहिली तीच नि शेवटची तीच. मोठ्या शाळेत तिला मैत्रिणी मिळाल्या असत्या, कबड्डीचा संघ मिळाला असता, दरेक इयत्तेला वेगळे गुरुजी मिळाले असते. एकत्रीकरणाची भाषा करणारे सगळेच काही शाळेचे वैरी नसतात. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ च्या काळात शाळासंकुलाची कल्पना मांडली ती याच विचारानं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आकडा आहे की २०१६-१७ मध्ये देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी २८ टक्के शाळांचा पट तिसाच्या आत होता. एवढ्या शाळांना पुरेसे शिक्षक, पुस्तकं, खेळाचं सामान कसं पुरवायचं, हा प्रश्न खराच आहे.

पण प्रश्न खरा असला म्हणून त्याला दिलेलं उत्तर खरं ठरत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या दहाच्या आत पटाच्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिळवायचं ठरलं. आमचा पट नऊ. कागदात ‘बंद’ हा शब्द कुठंच नव्हता. शब्द होता ‘समायोजन’. खालच्या गावची शाळा कागदावर आठशे मीटरवर. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर तेवढंच भरत असेल, मी नाही म्हणत नाही. पण पोरं काही फूटपट्टीवरून चालत नाहीत. पायवाट आधी उतरते, मग ओढ्यावरच्या साकवावरून पलीकडं जाते, मग रानातून वळसा. दीड किलोमीटरचं चालणं. जुलैत ओढ्याला लोंढा आला की साकव पाण्याखाली, मग रस्त्यानं फिरून तीन किलोमीटर. पहिलीतल्या पोराचं वय सहा. वाटेत मुठे दिसले की मोठी पोरं दप्तर टाकून ओढ्यात, आणि धाकटी काठावर रडत बसलेली.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. आयांनी अंगठे उठवले, ‘आमची शाळा चालू ठेवा’ असा ठराव झाला. मी तो व्यवस्थित अक्षरात लिहून पाठवला. पोहोच मिळाली. जूनमध्ये मला खालच्या शाळेवर जायचा आदेश मिळाला. खिचडी शिजवणाऱ्या बाईचं महिना हजार रुपयांचं मानधन त्याच दिवशी संपलं. ती विधवा होती. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, “मोठं पातेलं कुठं द्यायचं, गुरजी?”

नऊही पोरांची नावं मीच नव्या हजेरीपुस्तकात चढवली. पुढचं मी तारखांसकट डायरीत लिहून ठेवलंय. जूनमध्ये नऊ यायची. एक जीपगाडी ठरली होती, ती दोन महिने चालली. ड्रायव्हरला पैसे वेळेवर मिळेनात, त्यानं लग्नाची वर्दी धरली नि यायचा बंद झाला. गणपतीनंतर सहा. दिवाळीनंतर तिघं भट्टीवर, उरली तीन. पूर्वी असं व्हायचं तेव्हा मी संध्याकाळी वाडीत फिरून आजीला नाहीतर मावशीला गळ घालायचो, पोरगं तिच्याकडं ठेवून घ्यायचो. शाळा दारात असल्यामुळं म्हातारी तयार व्हायची. आता म्हातारीनं त्याला ओढा ओलांडून पोचवायचं कसं? पुढच्या जूनला येणारी चार. त्यातली तिसरीतली ती एकटी मुलगी मात्र रोज यायची. तिथं तिला खरंच मैत्रिणी मिळाल्या, पुढं ती आश्रमशाळेत गेली आणि दहावी पास झाली. नऊपैकी ती एक.

आणि पट? पट नऊच होता. कारण एकाचंही नाव कमी केलेलं नव्हतं. कागदावर एक शाळा मिळवली गेली, नऊ मुलं मिळवली गेली, गळती शून्य. वाडीत शाळा होती तेव्हा एखादं पोर आलं नाही तर त्याचं घर मला खिडकीतून दिसायचं. खालच्या शाळेच्या खिडकीतून फक्त रस्ता दिसतो.

त्या हिवाळ्यात मी पेणच्या बाजूला एका वीटभट्टीवर गेलो. आमची तिघं तिथं होती. एक जण आईनं थापलेल्या कच्च्या विटा उलट्या करत होता. त्याचा बाप म्हणाला, “नाव हाय ना गुरजी शालेत? मंग झालं.” त्याचं काय चुकलं? सरकारही तेच म्हणत होतं. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेनं भट्टीवरच्या पोरांसाठी भोंगाशाळा चालवल्या होत्या, भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. मराठवाड्यात ऊसतोड्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, आईबाप कारखान्यावर आणि पोरं गावातच. पण त्या वसतिगृहालाही गावात आधी शाळा असावी लागते.

२०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. सगळ्या रायगडची घरं-झाडं मोडली, वाडीतल्या रिकाम्या शाळेचे पत्रेही गेले. चालू शाळांच्या दुरुस्तीलाच पैसे कमी पडत होते, बंद शाळेचे कोण घालणार? पूर्वी पावसाळ्यात ज्यांचं कूड कोसळायचं ती माणसं रात्री शाळेत येऊन निजायची. त्या जूनमध्ये ती देवळाच्या ओट्यावर प्लॅस्टिक बांधून राहिली.

२०२२ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. राज्यात १४,७८३ शाळा निघाल्या, त्यांत सुमारे एक लाख ८५ हजार मुलं. म्हणजे शाळेमागं बारा-तेरा. सप्टेंबर २०२३ मध्ये समूहशाळांचे प्रस्ताव मागवणारं पत्र निघालं, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण त्यात होतं. १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे निकष बदलले, आणि वीसच्या आतल्या शाळेत दुसरा शिक्षक नियमित असेलच याची खात्री गेली. दरम्यान आधारचीही अट आली. आधार जुळलं तरच पोर पटावर मोजायचं. भट्टीवर जन्मलेल्या, नाव एकीकडं एक नि दुसरीकडं दुसरं लागलेल्या कातकऱ्याच्या पोराचं आधार जुळायला महिने लागतात. पोर समोर बसलंय, हात वर करून उत्तर देतंय, आणि पटावर नाही.

पानशेतला गाडी आहे म्हणून शाळा जोडता आल्या असतील. मला गाडीचं वावडं नाही. पण सातारा जिल्ह्यात खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात, ते छापून आलं, आणि मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये आपणहून दखल घेतली. दरेक वाडीची बातमी काही छापून येत नाही. म्हणून सदतीस वर्षं हे काम केलेला माणूस म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पहिली-दुसरी वाडीतच ठेवा, मग पोरं दोन असोत की बारा. सहा-सात वर्षांच्या पोराला घराच्या हाकेवर शाळा हवी. तिसरीपासून मोठ्या शाळेत जाऊ द्या, त्यात पोरांचं भलंच आहे. पण गाडी आधी सुरू करा, एक पावसाळा ती नीट चालवून दाखवा, मग तिसरीचा वर्ग हलवा. आपल्याकडं कुलूप आधी लागतं आणि गाडी मागनं येते. आणि दुरुस्तीचा पैसा डोकी मोजून देऊ नका, छप्पर मोजून द्या.

वाडीच्या शाळेचं जनरल रजिस्टर आता खालच्या शाळेच्या कपाटात आहे. त्यात एकशे बारा नावं आहेत, पहिली नोंद त्या निमशिक्षकाच्या वळणदार अक्षरात, २००१ सालची. कातकरी ही सरकारदरबारी आदिम जमात. जातीचा दाखला काढायला गेलं की १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आणि ज्याच्या आज्यानं शाळा पाहिली नाही तो पुरावा आणणार कुठून? या वाडीचं लेखी अस्तित्व सुरू होतं ते या रजिस्टरापासून. त्यात अर्ध्या वाडीचा जन्म १ जूनचा आहे. कुणाला तारीख माहीत नसायची, आम्ही अंदाजानं साल धरायचो आणि १ जून टाकायचो.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी शाळेचा दाखला काढायला आला होता. २००९ साली तो तिसरीत होता, आता त्याला पाच वर्षांची मुलगी आहे. दाखला झाल्यावर जायचं सोडून बाकावर बसून राहिला. मग म्हणाला, “गुरजी, वाडीत पयलीत जायची पोरं आता सात हायत. त्यांच्या मागं आनखी पाच रांगतात. शाला परत मिळंल का?”

बंद झालेली शाळा पुन्हा उघडल्याचं माझ्या नोकरीत मी एकदाही पाहिलं नाही. पण एक किलोमीटरचं कलम कायद्यात अजून आहे, आणि अर्ज लिहायला निवृत्त मास्तरापेक्षा रिकामा माणूस कोण? पुढच्या रविवारी मी वाडीत गेलो. ओढ्याला पाणी गुडघ्याएवढं होतं. बिनछपराच्या शाळेच्या पायरीवर बसून सात पोरांची नावं, बापाचं नाव, जन्मतारीख असा तक्ता आखला. पाच जणांचे कागद मिळाले. दोघं भट्टीवर जन्मलेली, त्यांची तारीख आईलाही सांगता येईना. “त्या साली पाऊस लौकर आलेला,” एवढं तिला आठवत होतं.

मी १ जून लिहिलं, आणि अर्जाखाली आयांचे अंगठे घेतले.